मिमी ओ सुमासेबा

जपानी सचेतनपट किंवा ॲनिमेशनपट. इंग्रजी भाषिक जगात तो व्हिस्पर ऑफ द हार्ट या नावाने ओळखला जातो. मूळ जपानी शीर्षकाचा अर्थ ‘कान देऊन ऐकले, तर’ असा होतो. टोकियो येथील स्टुडिओ घिब्ली या संस्थेने तो निर्माण केला व १५ जुलै १९९५ रोजी तो जपानमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक योशिफुमी कोन्दो, पटकथाकार हायाओ मियाझाकी, निर्माता तोशिओ सुझुकी व संगीतकार युजी नोमी. चित्रपटाची लांबी १११ मिनिटे आहे. युद्ध, यंत्रे, राक्षस, जादू यांपैकी काहीही कथानकात नसताना केवळ एका शाळकरी मुलीच्या मनातील घालमेलीवर पूर्ण लांबीचा सचेतनपट उभा राहू शकतो, हे त्याने दाखवून दिले. या प्रकारच्या जपानी चित्रपटांच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे, ते मुख्यतः यामुळे.

कथानक अगदी साधे आहे. शिझुकु त्सुकिशिमा ही माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात शिकणारी चौदा वर्षांची, वाचनवेडी मुलगी. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांच्या नोंदपत्रांवर आपल्या आधी नेहमी एकच नाव लिहिलेले असते, असे तिच्या ध्यानात येते. सेइजी आमासावा हा तो अज्ञात वाचक आपल्याच शाळेतील आहे, हे तिला पुढे कळते. एके दिवशी आगगाडीतून प्रवास करणाऱ्या एका लठ्ठ मांजराचा पाठलाग करीत ती टेकडीवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पोहोचते. दुकानाचा वृद्ध मालक हा सेइजीचा आजोबा. तेथे सरदाराच्या पोशाखातील मांजराची एक मूर्ती असते. ‘बॅरन’ हे तिचे नाव. सेइजी तळघरात व्हायोलिन घडविण्याची कला शिकत असतो आणि इटलीतील क्रेमोना या व्हायोलिननिर्मितीच्या परंपरागत केंद्रात जाण्याचे त्याचे ठरलेले असते. दोन महिन्यांच्या उमेदवारीसाठी तो निघून जातो. आपला मित्र स्वतःची वाट शोधून चालू लागला आणि आपण मात्र कोठेच नाही, या जाणिवेने अस्वस्थ झालेली शिझुकु बॅरनला नायक करून एक कथा लिहावयास घेते. चित्रपटाचा उत्तरार्ध म्हणजे या लेखनाची कहाणी होय.

मूळ कथा आओई हिइरागी या लेखिकेची. मुलींसाठी निघणाऱ्या रिबोन या मासिकात १९८९ मध्ये ती चित्रकथेच्या रूपाने चार हप्त्यांत प्रसिद्ध झाली. ‘शोजो मांगा’ म्हणजे किशोरींसाठीच्या चित्रकथांचा हा संप्रदाय जपानमध्ये फार मोठा आहे. मनातील सूक्ष्म भाव हाच त्याचा विषय असतो आणि बाहेरच्या जगाला त्यात सहसा पार्श्वभूमीपुरते स्थान मिळते. डोंगरातील एका झोपडीत सुटी घालवीत असताना घरातील मुलींनी मागे टाकलेले या मासिकाचे जुने अंक मियाझाकीच्या हाती पडले व कथेचा एक सुटा हप्ता वाचून तिच्या मागचे-पुढचे तो मनाशी रचू लागला. पन्नाशी ओलांडलेल्या दिग्दर्शकाला अशा कथेचे आकर्षण वाटावे, याचे अनेकांना नवल वाटले. आपल्या तारुण्यातील राहून गेलेल्या गोष्टींची खंत बाळगणाऱ्या मध्यमवयीन माणसांनी तरुण पिढीला दिलेले हे एक आव्हान आहे, अशा आशयाची त्याची भूमिका होती. पटकथेत त्याने केलेले बदल ही भूमिका ध्यानात घेतल्यावर उलगडतात. मूळ कथेतील सेइजीला चित्रकार व्हावयाचे असते. चित्रपटात तो वाद्ये घडविणारा कारागीर होतो. मुलांचे वयही वाढविले आहे. माध्यमिक शाळेच्या आरंभीच्या वर्गातून ती शेवटच्या वर्गात आली, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली.

हा शेवटचा बदल वरवर किरकोळ दिसतो. पण कथेला खरा ताण त्यानेच मिळतो. जपानमधील सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे असून ते माध्यमिक शाळेबरोबर संपते. तथापि १९९० च्या दशकात नव्वद टक्क्यांहून अधिक मुले पुढे उच्च माध्यमिक शाळेत जात असत आणि कोणत्या शाळेत प्रवेश मिळतो, यावर पुढील आयुष्य ठरते, अशी सर्वसाधारण समजूत होती. अशा वेळी पंधराव्या वर्षी परदेशी जाऊन सुतारकामासारखी कला शिकण्याचा सेइजीचा बेत, किंवा परीक्षा तोंडावर असताना शिझुकुने कथालेखनात स्वतःला बुडवून घेणे, हे रूढ चाकोरीबाहेरचे पाऊल होते. तिचे गुण घसरतात, थोरली बहीण संतापते व रात्री स्वयंपाकघरातील टेबलाभोवती सारे कुटुंब विचारविनिमयास बसते. वडील तिला परवानगी देतात. मात्र इतरांपेक्षा वेगळी वाट धरली, की तिचे बरेवाईट परिणाम स्वतःलाच भोगावे लागतात, दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही, एवढे ते तिला शांतपणे बजावतात. प्रेमप्रसंगांपेक्षाही हा प्रसंग चित्रपटाचा कणा म्हणावा लागेल. वडिलांच्या भूमिकेला नामवंत पत्रकार व लेखक ताकाशी ताचिबाना याने आवाज दिला आहे. तो व्यावसायिक नट नव्हता. त्याच्या काहीशा सपाट बोलण्यामुळे या पात्राला घरगुतीपणा आला आहे.

हा घरगुतीपणा चित्रपटभर आहे. शिझुकुचे कुटुंब सार्वजनिक गृहयोजनेतील लहानशा सदनिकेत राहते. दोघी बहिणी एकाच खोलीत एकावर एक रचलेल्या पलंगांवर झोपतात. वडील ग्रंथालयात नोकरी करतात, आई विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास करते आणि घरकाम सर्वांत वाटलेले असते. पुस्तकांचे ढीग, टेबलावरचा शब्दसंस्कारक, दुकानातून पिशवीत आणलेले दूध अशा तपशिलांतून त्या काळातील टोकियोच्या उपनगरी मध्यमवर्गाचे जे चित्र उभे राहते, त्याला आता ऐतिहासिक दस्तऐवजाचे मोल आले आहे. ग्रंथालयातील नोंदपत्रांचेही तसेच. आपल्या ग्रंथालयात आता पट्टीसंकेत येणार, असे वडील सांगतात आणि शिझुकुला ते रुचत नाही. वाचकाची नावे इतरांना दिसतील अशी नोंदपद्धती ग्रंथपालांना मात्र पूर्वीपासूनच खटकत होती. जपानी ग्रंथालय संघाने १९५४ मध्ये स्वीकारलेल्या व १९७९ मध्ये सुधारलेल्या ग्रंथालय-स्वातंत्र्याच्या घोषणेत वाचकाची गुप्तता राखणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य मानले आहे. ज्या व्यवस्थेवर या प्रेमकथेचा सारा डोलारा उभा आहे, ती व्यवस्था ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने सदोषच होती, ही गंमत नमूद करण्यासारखी आहे.

कथा घडते ती टोकियोच्या पश्चिमेकडील तामा टेकड्यांच्या परिसरात. पडद्यावर स्थानकाचे नाव बदललेले असले, तरी केइओ लोहमार्गावरील सेइसेकी-साकुरागाओका हे स्थानक आणि त्याच्या वरचा नागमोडी चढाचा रस्ता जाणकारांना सहज ओळखू येतो. महानगराची वाढती लोकसंख्या सामावून घेण्यासाठी या टेकड्या सपाट करून तामा नवनगर वसविण्याची योजना १९६५ मध्ये ठरली व १९७१ पासून तेथे लोक राहावयास आले. या बांधकामामुळे विस्थापित झालेल्या तानुकी या वन्य प्राण्यांची शोकान्तिका घिब्लीच्याच इसाओ ताकाहाताने १९९४ च्या पोम पोको या चित्रपटात रंगविली होती. एका वर्षानंतर आलेल्या या चित्रपटात त्याच टेकड्यांवर जन्मलेली, डांबर आणि सिमेंट हेच ज्यांचे बालपण आहे अशी मुले दिसतात. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास नुकसानीची एक बाजू आणि तिच्यावर उगवलेल्या नव्या जीवनाची दुसरी बाजू अशी त्यांची जोडी जमते.

चित्रपटातील गीताचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर याचे १९७१ मधील ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे गीत जपानमध्येही अतिशय लोकप्रिय होते. चित्रपटाच्या प्रारंभी रात्रीच्या टोकियोच्या दिव्यांवर ऑलिव्हिया न्यूटन-जॉन हिने गायिलेले हे गीत ऐकू येते. शाळेतील समारंभासाठी शिझुकु त्याचे जपानी रूपांतर करू पाहते. पण गाव, माती, परतीची ओढ ही सारी भाषा तिला उसनी वाटते. सिमेंटच्या रस्त्यावर त्याचे एक विडंबनही ती रचते. ‘फुरुसातो’ म्हणजे मूळ गाव ही जपानी भावविश्वातील मोठी कल्पना आहे. पण नवनगरात वाढलेल्या मुलीला असे गाव असतेच कोठे? अखेरीस तिच्या हातून जे गीत उतरते, त्यात घरी परतण्याची आस नसून आठवण दाबून एकट्याने पुढे चालत राहण्याचा निर्धार आहे. हे जपानी शब्द निर्माता सुझुकीची मुलगी मामिको सुझुकी हिने लिहिले व मियाझाकीने त्यांत भर घातली. मूळ गीताचा अर्थ जवळजवळ उलटा करणारे हे रूपांतर चित्रपटातील उत्तम कल्पनांपैकी एक होय. आजोबांच्या दुकानात सेइजीच्या व्हायोलिनच्या साथीने शिझुकु ते गाते आणि आजोबा व त्यांचे मित्र व्हायोला द गाम्बा, ल्यूट इ. जुन्या पाश्चात्त्य वाद्यांवर साथ धरतात, तो प्रसंग सर्वांत लोकप्रिय ठरला.

दिग्दर्शक योशिफुमी कोन्दो (३१ मार्च १९५० – २१ जानेवारी १९९८) याचा जन्म नीगाता प्रांतातील गोसेन येथे झाला. १९६८ मध्ये तो सचेतनाच्या व्यवसायात शिरला. ताकाहाताच्या ॲन ऑफ ग्रीन गेबल्स (१९७९) या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रांची रूपरेखा त्यानेच आखली. कल्पनेत रमणाऱ्या मुलीचे चित्रण करण्याची पूर्वतयारी तेथे झाली, असे म्हणता येईल. ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज (१९८८) या युद्धपटातील भावंडांच्या हालचाली त्याच्या देखरेखीखाली चितारल्या गेल्या. त्याच वेळी मियाझाकीही माय नेबर तोतोरो हा चित्रपट करीत होता आणि दोन्ही दिग्दर्शकांना कोन्दोच हवा होता, यावरून त्याची योग्यता कळते. रस्त्यात, स्थानकावर दिसणाऱ्या सामान्य माणसांची रेखाटने करण्याचा त्याला छंद होता. ही निरीक्षणशक्ती शिझुकुच्या बसण्या-उठण्यात, जिना उतरताना अडखळण्यात, लाजून रागावण्यात प्रत्ययास येते. पटकथा व प्रसंगांची रेखाचित्रमाला मियाझाकीची असल्याने चित्रपट त्याचाच आहे, असे काही समीक्षक मानतात. ते अर्धसत्य आहे. मियाझाकीच्या नायिका सहसा धावतात, उडतात. कोन्दोची शिझुकु थबकते. चित्रपटाची संथ, हळुवार लय कोन्दोची आहे.

बॅरनच्या कल्पित जगातील दृश्यांसाठी नाओहिसा इनोउए या चित्रकाराची मदत घेण्यात आली. ‘इबलार्ड’ नावाच्या स्वकल्पित प्रदेशाची रंगबहुल चित्रे काढणाऱ्या या कलावंताच्या शैलीमुळे ही दृश्ये बाकीच्या वास्तववादी चित्रपटापासून स्पष्टपणे वेगळी पडतात. तुरुंगात व्हायोलिन घडविणाऱ्या माणसाचे एक काष्ठचित्रही कथेत येते. ते मियाझाकीचा मुलगा केइसुके याने कोरले आहे. कलानिर्मितीविषयी चित्रपटाला जे म्हणावयाचे आहे, ते आजोबांनी दाखविलेल्या दगडात सामावले आहे. ओबडधोबड दगडाच्या पोटात पाचूचे कच्चे स्फटिक असतात. त्यांना पैलू पाडण्याचे कष्ट वेगळेच. शिझुकुची कथा पुरी होते, आजोबा ती वाचतात आणि ती कच्ची आहे, हे लपवीत नाहीत. आपल्याला अजून पुष्कळ शिकावयाचे आहे, हे उमगून ती रडते व पुढील शिक्षण घेण्याचे ठरविते. बालकलावंताला अचानक यश मिळवून देण्याचा सोपा मार्ग येथे टाळला आहे.

शेवटाबद्दल मात्र मतभेद आहेत. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परतलेला सेइजी पहाटे शिझुकुला सायकलवरून टेकडीवर नेतो आणि सूर्योदयाच्या वेळी तिला लग्नाची मागणी घालतो. मूळ चित्रकथेत प्रेमाच्या कबुलीवरच थांबलेला प्रसंग मियाझाकीने असा पुढे नेला. पंधरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी ही भाषा अनेकांना अतिरेकी वाटली आणि आधीच्या संयमाशी ती विसंगत आहे, हे खरेच. तथापि त्याच प्रसंगात चढावर शिझुकु सायकलवरून उतरून ती मागून ढकलू लागते; केवळ ओझे होऊन बसणे तिला मान्य नाही. लग्नाच्या मागणीपेक्षा ही कृती अधिक बोलकी आहे.

ज्या वर्षी चित्रपट आला, ते जपानला कठीण गेले. जमिनीच्या व रोख्यांच्या किमतींचा फुगा फुटल्याने मंदी पसरली होती. जानेवारी १९९५ मध्ये कोबे परिसरात विनाशकारी भूकंप झाला आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्या वातावरणात हा चित्रपट त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत वितरण-उत्पन्नाच्या दृष्टीने पहिला ठरला. ते उत्पन्न सु. १८५ कोटी येन होते. डॉल्बी डिजिटल ध्वनिपद्धती वापरणारा हा पहिलाच जपानी चित्रपट. मियाझाकी व ताकाहाता यांच्याखेरीज अन्य कोणी दिग्दर्शित केलेला घिब्लीचा चित्रपटगृहांसाठीचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट असल्याने कोन्दोकडे त्यांचा वारस म्हणून पाहिले जाऊ लागले. प्रिन्सेस मोनोनोके (१९९७) या चित्रपटाच्या सचेतनाची धुराही त्याने इतरांसमवेत वाहिली. मात्र काही महिन्यांतच महारोहिणीच्या विकाराने, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा एकमेव चित्रपट. घिब्लीचा वारसा कोणी चालवावयाचा, हा प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ अनिर्णित राहिला.

बॅरन व लठ्ठ मांजर ही पात्रे हिरोयुकी मोरिता दिग्दर्शित द कॅट रिटर्न्स (२००२) या चित्रपटात पुन्हा अवतरली. युइचिरो हिराकावा याने जिवंत नटांना घेऊन केलेला चित्रपट ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यात दहा वर्षांनंतरची शिझुकु व सेइजी दाखविली असून सेइजी चेलोवादक झाला आहे. २०२० मध्ये घिब्लीचे चित्रपट नेटफ्लिक्स या माध्यमावरून जपान व उत्तर अमेरिका वगळता अनेक देशांत उपलब्ध झाले, तेव्हा भारतीय प्रेक्षकांनाही तो घरबसल्या पाहता आला. सेइसेकी-साकुरागाओका स्थानकात गाडी येताना ‘कंट्री रोड’ची धून वाजविण्याचा प्रघात २०१२ पासून सुरू झाला.