संगणकाची शिलाई

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी शाळांच्या सहलींची रीघ लागते. ४५ मीटर व्यासाच्या त्या अवाढव्य अँटेना पाहून झाल्या की मुले एक प्रश्न हमखास विचारतात, "हे सगळं कितीला पडलं?" बरोबरचे शिक्षक कधीकधी ओशाळतात. ब्रह्मांडाचे कोडे समोर असताना पोराने भाव काय विचारावा! आम्हांला मात्र हा प्रश्न फार चांगला वाटतो. बाजारात आयता न मिळणारा, एकाच कामासाठी बेतून घडवलेला संगणक खोडदला आहे. अशा यंत्राची किंमत कशी काढावी, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक दुर्लक्षित प्रश्न आहे.

हिशेबाला हा मुलूख नवखा नाही. याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात चक्क अंकांत कोरल्या आहेत. भारतीय अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. असो.

आधी खोडदच्या संगणकाला काम काय ते पाहू. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही दुर्बीण तीस अँटेनांची आहे. चौदा अँटेना खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. प्रत्येक अँटेनेने पकडलेला क्षीण रेडिओ संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो. तेथे प्रत्येक अँटेनेच्या संकेताची दुसऱ्या प्रत्येक अँटेनेच्या संकेताशी गाठ घालून दोहोंचा गुणाकार करावा लागतो. या गुणाकारांतूनच पुढे आकाशाचे चित्र तयार होते. हे काम करणाऱ्या यंत्राला कॉरिलेटर म्हणतात. आपण त्याला सहसंबंधक म्हणू.

आता आकडेमोड. फळ्यावर करून दाखवण्याजोगी आहे. तीस अँटेनांच्या जोड्या ३० × २९ ÷ २ म्हणजे ४३५. मूळ यंत्रणेत प्रत्येक अँटेनेकडून एकूण ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेतला जाई, तोही दोन ध्रुवीकरणांत. पट्टा जितका रुंद तितक्या संमिश्र संख्या दर सेकंदाला हाताळाव्या लागतात; येथे त्या ३.२ कोटी. तेव्हा ४३५ × २ × ३.२ कोटी, म्हणजे सेकंदाला २,७८४ कोटी संमिश्र गुणाकार. एका संमिश्र गुणाकारात चार साधे गुणाकार दडलेले असतात, म्हणून ११,१३६ कोटी. हे एका सेकंदाचे झाले. पुढच्या सेकंदाला नवा माल दारात उभाच असतो. निरीक्षण आठ तास चालले तर यंत्राला आठ तास दम घ्यायला फुरसत नाही.

१९९० च्या दशकाच्या आरंभी असे यंत्र विकत कोठे मिळणार? शेजारी पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था महासंगणक बनवण्यासाठी स्थापन झाली होती. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखालच्या या चमूला तीन वर्षे व सुमारे ३० कोटी रुपये मिळाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची कमाल गती सेकंदाला सुमारे १०० कोटी क्रिया एवढी होती. नुसता भागाकार केला तर खोडदच्या गुणाकारांसाठी शंभरावर परम लागले असते. ही तुलना तशी अन्यायाची आहे, हेही सांगितले पाहिजे. परम कोणतेही गणित सोडवी, लांबलचक दशांश संख्यांनिशी. खोडदला येणारा प्रत्येक नमुना अवघा चार बिटांचा, म्हणजे सोळा पायऱ्यांत बसणारा होता आणि गणितही एकाच साच्याचे होते. ज्याला एकच काम करायचे आहे त्याला सर्वगुणसंपन्न यंत्र घेणे परवडत नाही. म्हणून बेतून घडवणे आले.

बेतून घडवायचे म्हणजे किती खर्च? येथे शिंप्याचे उदाहरण घेऊ. सदऱ्याच्या किमतीत कापड, अस्तर, गुंड्या आणि शिलाई हे सारे येते. पण आपल्या मापाचा कागदी साचा पहिल्यांदा कापायला जो वेळ लागतो, तो एका सदऱ्यावर लादायचा की दहा सदऱ्यांवर वाटायचा? विशेष कामाच्या चिपचे हेच असते. समजा, चिपचा आराखडा करायला एक कोटी रुपये लागतात आणि मग प्रत्येक चिप हजार रुपयांत बनते. शंभरच चिपा हव्या असतील तर एक चिप १,०१,००० रुपयांना पडेल. दहा हजार हव्या असतील तर २,००० ला. (आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.) संख्या लहान असली की आराखड्याचा खर्चच माणसाला बुडवतो.

खोडदच्या शास्त्रज्ञांनी यातून काढलेली वाट आम्हांला फार शहाणपणाची वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने आपल्या व्हीएलबीए या दुर्बिणीसाठी नेमकी अशीच एक चिप बनवून घेतली होती. हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेली ती दहा अँटेनांची दुर्बीण १९९३ मध्ये पूर्ण झाली. तिचीच चिप खोडदच्या सहसंबंधकात वापरली गेली. साचा दुसऱ्याने कापलेला, शिलाई मात्र आपली. या चिपांभोवतीची मंडले, विलंबाची दुरुस्ती करणारा भाग, तीस अँटेनांची जुळणी हे सारे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात घडले. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बिणीचे लोकार्पण झाले आणि २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली.

ही शिलाई किती? सरकारी प्रकल्पाच्या जमाखर्चात चिपा, तारा, पेट्या, वातानुकूलन यांना ओळी असतात. आराखडा काढणाऱ्या अभियंत्याचा पगार मात्र बहुधा संस्थेच्या वेगळ्या खात्यावर पडतो. त्यामुळे "आपण हे परदेशाच्या मानाने किती स्वस्तात केले" असे जेव्हा अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा फक्त कापडाची किंमत सांगितलेली असते. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वाढलेल्यांना ही सवय चांगली ठाऊक आहे. जीएमआरटीचा स्वस्तपणा सगळाच असा भासाचा आहे, असे मात्र नाही. दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांवर विणलेली जाळी वापरून अँटेनेचे वजन आणि वाऱ्याचा जोर दोन्ही कमी करणे, ही खरी बचत होती, कारण तीत पोलादच कमी लागले. पण कमी पोलाद लागणे आणि श्रम हिशेबात न धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना दोन्हींतला फरक कळायला हवा.

हा घोळ आपल्याकडे पहिल्या संगणकापासून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या चमूने १९५६ मध्ये छोटे प्रायोगिक यंत्र चालू केले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड व १२,५०० रोधक होते. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. या सुट्या भागांची बेरीज कोणीही करील. पण त्या तरुणांपैकी बहुतेकांनी तोवर संगणक बनवलेलाच नव्हता. बनवता बनवताच ते शिकले. हे शिक्षण यंत्राच्या किमतीत धरायचे की देशाच्या? १९६४ मध्ये संस्थेत परदेशी सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. यंत्राचा भाव शून्य झाला, शिकलेली माणसे उरली. कोणत्याही हिशेबवहीत त्यांना रकाना नव्हता.

आता तालुक्याच्या बाजारपेठेत येऊ. नारायणगाव, जुन्नर, मंचर, घोडेगाव येथे सुटे भाग आणून संगणक जोडून देणारे तरुण १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागले. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या केंद्रांना यंत्रे लागू लागली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाग आणायचे, रात्री जोडायचे, सकाळी मोटारसायकलवर बांधून पोचवायचे. दर काय? तर भागांच्या किमतीवर शेकडा पाचसहा. "जोडणी फुकट" अशी पाटीच असे.

हा शेकडेवारीचा दर तपासून पाहू. समजा, भाग ३०,००० रुपयांचे आहेत. भाग निवडणे व आणणे अर्धा दिवस, जोडणे व तपासणे अर्धा दिवस आणि वर्षभरातल्या तक्रारींच्या फेऱ्या मिळून एक दिवस. एकूण दोन दिवस. कारागिराच्या दिवसाचे ८०० व दुकानभाडे, वीज वगैरेचे ४०० धरले तर २,४०० रुपये झाले. वीस यंत्रांत एखाद्याचा ३,००० रुपयांचा भाग असा बिघडतो की कंपनी बदलून देत नाही. त्याचा वाटा प्रत्येक यंत्रावर १५०. म्हणजे २,५५० रुपये तरी घेतलेच पाहिजेत. शेकडा पाचाने मिळतात १,५००. आता गिऱ्हाईक १५,००० चे साधे यंत्र मागते. श्रम तेवढेच, फेऱ्या तेवढ्याच (खरे तर थोड्या जास्तच) आणि मिळकत ७५०! याउलट कोणी लाखाचे यंत्र घेतले तर त्याच श्रमांचे ५,००० होतात. श्रम भागांच्या किमतीच्या प्रमाणात वाढत नसताना दर मात्र त्या प्रमाणात लावला, म्हणून हा विपर्यास. शिंपी रेशमाची शिलाई थोडी जास्त घेतो हे खरे; कात्री चुकली तर भरपाई मोठी असते. पण मांजरपाटाची शिलाई तो कापडाच्या भावाने घेत नाही.

आपल्या जुन्या सुताराला हे नीट कळत होते. नांगर, कुळव, पाभर यांची वर्षभराची दुरुस्ती बलुत्याच्या धान्यात येई. नवी बैलगाडी घडवायची तर तिचा ठराव वेगळा. घडवण्याची किंमत आणि चालू ठेवण्याची किंमत या दोन बाबी त्याने कधी एकत्र केल्या नाहीत. पुढे सुट्या भागांचे भाव घरबसल्या कोणालाही दिसू लागले, भागांवरची दलाली आटली आणि "जोडणी फुकट" म्हणणाऱ्यांपाशी विकायला काही उरले नाही. जोडणीचा व दुरुस्तीचा दर आधीपासून उघड लावला असता, तर त्यांचे कौशल्य गिऱ्हाइकाला निदान दिसले तरी असते.

चालू ठेवण्याच्या खर्चाने खोडदलाही इंगा दाखवला. खास बनवलेली चिप बनणे थांबले की बिघडलेल्या चिपेला जोड मिळत नाही. परमचेही तसेच झाले. परम ८००० मधले ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर मागे पडले आणि पुढच्या परमला वेगळे प्रक्रियक घ्यावे लागले. म्हणून खोडदला जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि टोरांटोचे उए-ली पेन यांच्या चमूने साधे, बाजारात मिळणारे ४८ संगणक एकमेकांना जोडून सहसंबंधकाचे काम आज्ञावलीकडे सोपवले. त्याचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१७ च्या सुमारास ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळणारी यंत्रणा आली. तिच्यात चित्रप्रक्रियक, म्हणजे खेळांच्या संगणकांत असतात त्या जातीची कार्डे, गुणाकार करतात. आता कापड बाजारातले आणि शिलाई जवळजवळ सगळी आज्ञावलीची. भाग बदलता येतात, लिहिलेली आज्ञावली पुढच्या यंत्राला बऱ्याच अंशी उपयोगी पडते. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा माणसांवर गेला आणि आमच्या मते तो तिथेच असणे बरे.

यादीतली एक बाब सहसा कोणी विचारात घेत नाही. संगणक स्वतःच रेडिओ लहरी फेकतो. झाकण उघडे ठेवून चालवलेला जोडणीचा संगणक दूरच्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी मोठ्याने बोलतो. म्हणून खोडदची यंत्रे धातूने वेढलेल्या बंदिस्त खोलीत ठेवावी लागतात. ती खोलीही यंत्राच्या किमतीत धरली पाहिजे. खोलीबाहेरची शांतता कोण पुरवते? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली माणसे. दुर्बिणीच्या परिसरात उद्योग उभारण्यावर बंधने आहेत. टोमॅटो, द्राक्षे, ऊस पिकतात. कारखान्यातली नोकरी मात्र चाकणला जाऊन शोधावी लागते. नारायणगावाजवळून जाणाऱ्या पुणे–नाशिक रेल्वेची मूळ आखणी दुर्बिणीला बाधक ठरते म्हणून बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने २०२४–२५ मध्ये घेतली, तेव्हा या भागात मोठी नाराजी उमटली. दुर्बिणीची जागा हलवता येण्याजोगी नाही आणि शास्त्रज्ञांची हरकत तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. पण हुकलेल्या रेल्वेस्थानकाची रक्कम सहसंबंधकाच्या कोणत्या ओळीत लिहायची, ते कोणी ठरवलेले नाही. पुढच्या २८ फेब्रुवारीला भाव विचारणारा मुलगा बहुधा मंचर नाहीतर ओतूरचा असेल. त्याला उत्तर देताना ही ओळही सांगावी.