यंत्राच्या पोटातलं यंत्र आणि आपल्या जुन्या मराठी फायली

पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर २०२० साली सुरू झालं. आपल्याला वाटतं, अशा ठिकाणी नुसते कॉम्प्युटर ओळीने मांडलेले असणार. पण गंमत वेगळीच आहे. डेटा सेंटरमधल्या एकेका सर्व्हरच्या पोटात बरेच 'भासमान' कॉम्प्युटर चालवता येतात. प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच! यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं, कारण एक मेनफ्रेम प्रचंड महाग आणि वापरणारे अनेक. पण ते मोठ्या कंपन्यांचं काम. सामान्य माणसाच्या हातात ही विद्या आली ती मुक्त सॉफ्टवेअरमुळे. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूईएमयू आणलं. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आलं. आज गूगलची क्लाउड सेवासुद्धा केव्हीएमवर चालते.

या दोघांतला फरक समजून घ्या. केव्हीएम खरा प्रोसेसरच वापरायला देतं, म्हणून वेगवान. क्यूईएमयू नुसतं त्यावर थांबत नाही. ते वेगळ्या, जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करू शकतं. म्हणजे आजच्या लॅपटॉपवर नव्वदच्या दशकातला पीसी 'जिवंत' करता येतो.

आता म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे, आणि चांगलाच आहे.

सिडको १९७० मध्ये आली, जमिनी गेल्या. १९८४ च्या जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील साहेबांच्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. त्यानंतरची निवेदनं, याद्या, सोसायट्यांचे ठराव टाइप झाले नव्वदच्या दशकात आणि पुढे. नेमका हाच मराठी कॉम्प्युटरचा गोंधळाचा काळ!

डॉसच्या जमान्यात मराठीसाठी 'जिस्ट कार्ड' बसवावं लागायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक जाहीर झालं. त्या मानकातल्या फायली आजही युनिकोडमध्ये आणता येतात, कारण कोणत्या अंकाला कोणतं अक्षर हे सगळ्यांना माहीत आहे.

पुढे विंडोज आलं आणि डीटीपीचे फाँट आले. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. फाँट नसेल तर मराठी ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. काही सॉफ्टवेअरला डोंगल लागायचं. ते हरवलं की कारभार आटोपला. युनिकोड रुळेपर्यंत बरीच वर्षं गेली.

कागदाला वाचायला डोळे पुरतात. फायलीला तिचं यंत्र लागतं, आणि ते यंत्र भंगारात जातं. इथे क्यूईएमयू कामाला येतं. जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे डिस्क इमेज, काढायची आणि ती नकली पीसीत चालवायची. जुना विंडोज, जुना फाँट, जुनी फाइल, सगळं एकत्र उघडू शकतं. मग प्रिंट काढा, युनिकोडमध्ये आणा.

हा रामबाण नाही, हेही सांगतो. क्यूईएमयू मोफत आहे, पण विंडोजचा आणि फाँटचा परवाना आपला हवा. जिस्ट कार्डासारख्या खास हार्डवेअरची नक्कल आपोआप होत नाही. कुणीतरी माहिती मिळवून ती लिहावी लागते. आणि डिस्कच खराब झाली असेल तर काहीच होत नाही. म्हणून घाई हवी.

आपली नगरपालिका १८५२ ची, महापालिका झाली २०१६ मध्ये. इतका जुना कारभार असलेल्या शहराला दप्तराची किंमत वेगळी सांगायला नको. माझी मागणी साधी आहे: महापालिका, ग्रामपंचायती, शाळा, सोसायट्या यांनी जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्याची डिस्क इमेज काढावी, सोबत फाँट जपावेत, आणि कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे याची एक पानाची नोंद ठेवावी. खर्च एका बाहेरच्या हार्ड डिस्कचा.

जगाचा डेटा सांभाळणारी इमारत आपल्या गावात उभी आहे. आपला स्वतःचा डेटा मात्र माळ्यावरच्या सीपीयूत धूळ खात पडलाय. तुमच्या संस्थेत असा सीपीयू असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कमेंटमध्ये लिहा.