साहाय्यक फंक्शन्स, अंतर्गत (वन्यप्राणिगणनेच्या सॉफ्टवेअरमधील)

साहाय्यक फंक्शन, अंतर्गत : संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये मुख्य फंक्शनच्या पोटात चालणारा, एकच काम करणारा छोटा आज्ञासंच. ‘आर’ भाषेतील, मरे एफर्ड (न्यूझीलंड) यांचे ‘एसईसीआर’ पॅकेज हे याचे ठळक उदाहरण. अभ्यासक प्रतिमान बसवण्याची एकच आज्ञा देतो; आत अशी अनेक फंक्शन्स राबतात.

पार्श्वभूमी : वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे छायाचित्रावरून प्राणी ओळखता येतो. कोणता प्राणी कोणत्या ठिकाणी किती वेळा सापडला, यावरून घनता काढण्याची स्थानाधारित पद्धत एफर्ड यांनी 2004 मध्ये मांडली. भारताच्या 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांत 2,461 वाघ ओळखले गेले. अंदाज मात्र 2,967 निघाला. न दिसलेल्या वाघांचा हिशोब अशा प्रतिमानांवर उभा असतो.

कार्य : (1) अंतर. रोहिणखेड (ता. मोताळा, जि. बुलढाणा) सुमारे 20.6° उ. अक्षांशावर आहे. तेथे रेखांशाचा एक अंश सुमारे 104 किमी, तर अक्षांशाचा सुमारे 111 किमी भरतो. दोन्ही सारखेच धरले, तर पूर्व-पश्चिम अंतर सहा-सात टक्क्यांनी फुगते. म्हणून स्थाने आधी मीटरमध्ये आणावी लागतात. (2) टिपले जाण्याची शक्यता. वावराच्या केंद्रापासून कॅमेरा दूर जाईल तशी ती घटते. ती किती झपाट्याने घटते हे σ (सिग्मा) या अंतराने ठरते; नेहमीच्या अर्धप्रसामान्य वक्रात σ इतक्या अंतरावर ती मूळच्या 61 टक्के, तर 2σ वर जेमतेम 14 टक्के उरते. (3) अधिवासाची जाळी. याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्याचा अभ्यास करताना पलढग तलावाच्या पाण्यावरचे बिंदू वगळणे हे याचे उदाहरण. (4) परिवर्तन. घनता आणि σ लॉगमध्ये नेल्याने शोधप्रक्रियेत त्या ऋण होत नाहीत. अनेक लहान शक्यता गुणत गेल्यास संगणकाला शून्यच उरते. म्हणून त्यांच्या लॉगची बेरीज करतात. (5) एकके. एसईसीआर घनता दर हेक्टरी देते. दर 100 चौ. किमी हवी असल्यास तिला 10,000 ने गुणावे लागते.

मर्यादा : ‘टी1-सी1’ हा कॉलर लावलेला वाघ 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघाला आणि वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. प्राण्याच्या वावराला स्थिर केंद्र असते, हे गृहीतक अशा भटक्या नराला लागू पडत नाही. फंक्शन अचूक असले, तरी ही उणीव भरून निघत नाही.

जपणूक : अंतर्गत फंक्शन पॅकेजबाहेर खुले केलेले नसते. ‘आर’मध्ये तीन अपूर्णविरामांनी त्याला बोलावता येते, पण पुढच्या आवृत्तीत त्याचे नाव किंवा रूप तेच राहील, याची हमी नसते. अंतरातली चूक σ मध्ये आणि σ मधून घनतेत उतरते. शेवटच्या आकड्याकडे पाहून ती ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक फंक्शन सुटे तपासावे. रोहिणखेड परिसरातल्या दोन ओळखीच्या ठिकाणांमधले अंतर नकाशावर मोजून उत्तराशी ताडून पाहणे, ही पहिली आणि सोपी चाचणी.