दीड दिवसाची शाळा : अण्णा भाऊ साठे



उणकलच्या या शाळेत स्मृतिव्याख्यान देताना, ज्यांना शाळा लाभलीच नाही अशा एका कादंबरीकाराविषयी बोलावे, असे मला मनापासून वाटले. इटलीतील ग्रात्सिया देलेद्दा या लेखिकेचे शालेय शिक्षण प्राथमिक चौथीपाशी थांबले. स्वाध्यायाच्या बळावर तिने १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळविले. आपल्या मराठीत अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला शाळा आली ती अवघी दीड दिवस.

सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, मांग समाजात, १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणीच ते कुटुंबासह पायी मुंबईस आले. तेथे दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचून त्यांनी अक्षरओळख करून घेतली. गिरणी कामगारांची वस्ती, तमाशाचा फड आणि कामगार चळवळ हीच त्यांची विद्यापीठे. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचे पारितोषिक लाभले. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे. सरकारदप्तरी जो दरोडेखोर, तोच दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा आणि आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन होणारा वीर आहे, हे या कादंबरीने दाखविले. दप्तर एक सांगते, गावाची आठवण दुसरेच सांगते. ही दुसरी साक्ष अण्णा भाऊंनी कादंबरीत आणली. त्यांचे शालेय शिक्षण झाले नाही, म्हणून त्यांची लेखणी उणी पडली नाही. पोवाड्याचा वेग आणि बोलीचा जिवंतपणा त्यांच्या गद्यात उतरला.

येथे एक कबुली द्यावयास हवी. माझ्या अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत मी कादंबरीचा इतिहास शिकवीत असे, तेव्हा अण्णा भाऊंचे नाव एका वाक्यात उरकीत असे. त्यांच्या भाषेला मी ‘रांगडी’ म्हणत असे आणि त्या एका शब्दात माझे न वाचणे झाकले जाई. पुढे एका विद्यार्थ्याने ‘फकिरा’ माझ्या हाती ठेवली. त्या रात्री मी विद्यार्थी झालो.

१८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी होण्याआधी, दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हा गौरव यथोचितच आहे. परंतु शाळेने करावयाचे स्मरण निराळे असते. दीड दिवसात शाळा सोडून गेलेले सर्वच अण्णा भाऊ होत नाहीत. बहुतेक जण निमूटपणे नाहीसे होतात. ज्या दिवशी एखादे बाक रिकामे दिसेल, त्या दिवशी त्या मुलाच्या घरापर्यंत जाऊन यावे, एवढेच या संस्थेस माझे नम्र मागणे आहे.