बाळाचा कोठा आणि गिरणीचा भोंगा

राजे, लढाया आणि तहनामे यांवर आपण पुष्कळ लिहिले. आजचा धागा दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या पोटाविषयी आहे. मानपाडा नावाची वस्ती ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आहे, तशी डोंबिवली पूर्वेलाही आहे. दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणच्या औषधांच्या दुकानात उभे राहा. बाळगुटीची पुडी, एरंडेलाची बाटली आणि मळ मऊ करणारे आधुनिक सिरप एकाच फळीवर सुखाने नांदताना दिसतील. या तीन वस्तूंची वये फार निरनिराळी आहेत. या फळीवर एक चौथी वस्तूही एकेकाळी असे. तिच्याविषयी पुढे.

आरंभ चरकसंहितेपासून करू. तिचे कल्पस्थान दृढबलाने पूर्ण केले, असे ग्रंथच सांगतो. त्यातील आठवा अध्याय बहाव्यावर आहे. वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लगडणारा तोच हा बहावा. शेंगा पिकल्यावर सात रात्री वाळूत पुरायच्या, मग उन्हात वाळवून आतला मगज काढायचा. बालक, वृद्ध, क्षीण आणि नाजूक माणसांना हे रेचक विशेष योग्य, कारण ते सौम्य आहे आणि अपाय करत नाही, असे तेथे म्हटले आहे. द्राक्षाच्या रसातून ते मुलांना द्यावे असेही सांगितले आहे, आणि वयही नमूद आहे : चार ते बारा वर्षे. मला या आकड्याचे अप्रूप वाटते. प्राचीन वैद्यकाचा अभिमान बाळगणारे आपण ही चार वर्षांची रेघ बहुधा वाचतच नाही.

त्याहून लहानांसाठी घरोघर चालत आली ती गुटी. तिच्यात हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ, जेष्ठमध, हळकुंड, बदाम, खारीक अशी सामग्री. घरागणिक यादी बदले. सहाणेवर दुधाच्या थेंबात प्रत्येक जिन्नस उगाळायचा आणि मात्रा मोजायची ती वेढ्यांनी. बाळाला खडा होत असेल तर हिरड्याचे वेढे वाढवायचे, शी पातळ असेल तर जायफळाचे. मुरड्यासाठी मुरुडशेंग. आजीचा हात हाच तराजू. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात हिरड्याचा मोठा मार्मिक भेद आहे : वाटलेला हिरडा मळ मोकळा करतो, तर उकडलेला तो बांधून धरतो. त्याच शतकात, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ गोव्यात छापला गेला आणि त्यातही हिरड्याच्या जातींवर स्वतंत्र संवाद आहे. सह्याद्रीत मिळणाऱ्या या फळाची ख्याती त्याच्या कितीतरी आधी अरबी वैद्यकामार्फत युरोपात पोचलेली होती.

गुटीला वेळ लागतो. सहाण मांडा, दहा-बारा जिनसा उगाळा, धुऊन वाळवा, आणि काल शी कशी झाली होती ते लक्षात ठेवा. एरंडेलाला तेवढा वेळ लागत नाही. नाक दाबले, चमचा ओतला, काम झाले. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत रूढ झाला, तिच्या बोलणाऱ्यांनी बालपणी काय सोसले असेल याची कल्पना करा.

युरोप या बाबतीत आपल्याहून शहाणा नव्हता. तेथे मुलांना रेचक म्हणून पाऱ्याचे क्षार, म्हणजे कॅलोमेल, सर्रास देत. ब्रिटनमध्ये दात येण्याच्या पावडरींतही ते असे. हातपाय गुलाबी होऊन मुले महिनोन्महिने तळमळत असलेला एक गूढ आजार या पाऱ्यामुळे होतो, हे विसाव्या शतकाच्या मध्याला उमगले आणि १९५४ च्या सुमारास त्या पावडरी तेथील बाजारातून गेल्या. तुंबलेला मळ सारे शरीर विषारी करतो ही कल्पना त्या शतकाच्या आरंभी एवढी बोकाळली होती, की लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचा शल्यविशारद बद्धकोष्ठावर उपाय म्हणून मोठे आतडेच कापून काढी.

आता ती चौथी वस्तू : बाळागोळी. हिच्यात अफू असे.

मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९२२ च्या कारखाना कायद्याने कामाचे तास कमी केले, म्हणजे किती? दिवसाला ११, आठवड्याला ६०. भोंगा वाजला की आई बाहेर पडणार. गावाकडची सासू किंवा जाऊ चाळीत सोबत असेलच असे नाही. अशा खोलीत बाळ दिवसभर निजून राहावे म्हणून ही गोळी. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीची आणि बालसंगोपनाची पाहणी केली. या स्त्रियांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते, असा त्यांचा निष्कर्ष १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातील अठ्ठ्याण्णव. इंग्लंडच्या गिरणगावांत एकोणिसाव्या शतकात गॉडफ्रे कॉर्डियल नावाचे अफूमिश्रित सरबत नेमके हेच काम करत असे.

अफू आतड्याची हालचाल मंदावते. मळ आत रेंगाळतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि खडा होतो. अतिसारावर वैद्य अफू देत ते याच गुणामुळे. गुंगीची शरीराला कालांतराने सवय होते आणि मात्रा वाढवावी लागते. मलावरोधाची सवय मात्र जवळजवळ होतच नाही. अशा बाळाला पुन्हा एरंडेल पाजणे म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्याने ढकलण्यासारखे होते. बाळाचे पोट बिघडले याचा बोल आईच्या अज्ञानाला लावणारे सुधारक तेव्हा उदंड होते. मला तो न्याय वाटत नाही. अकरा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बाईने सहाण मांडायची केव्हा?

१९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ती संख्या ३० वर आणली. मलावरोधाच्या इतिहासात हे कायदे मी मुद्दाम घालतो. गोळी हवी होती ती बाळाजवळ कोणी नव्हते म्हणून.

वैद्यकाची दृष्टीही दरम्यान बदलत होती. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये जन्मापासून आतडे फुगलेल्या दोन अर्भकांची हकिकत मांडली. त्या भागात मज्जापेशीच नसतात हे पुढे कळले आणि १९४८ मध्ये त्यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. पण असा दोष फार थोड्यांत असतो. बहुसंख्य मुलांची कथा वेगळी आहे : एकदा कडक शी होते, दुखते, आणि मूल घाबरून पुढच्या वेळी ती धरून ठेवते. ते चवड्यांवर उभे राहते, पाय आवळते, पडद्यामागे लपते. आईबापांना वाटते ते कुंथत आहे. ते रोखत असते. जितके रोखेल तितका खडा मोठा. चरकाच्या सूत्रस्थानात वेग रोखू नयेत यावर अख्खा अध्याय आहे आणि मळाचा वेग रोखल्याचे परिणामही त्यात आहेत. पूर्वजांना सारे ठाऊक होते असा दावा यातून निघत नाही. दोन वर्षांच्या मुलाचे भय त्या अध्यायाचा विषय नाही.

म्हणून आजचे बालरोगतज्ज्ञ एका जोरकस जुलाबावर थांबत नाहीत. साचलेला मळ आधी बाहेर काढतात, मग मळ मऊ ठेवणारे औषध मोजून देतात, तेही पुष्कळदा महिनोन्महिने, कारण भीती विसरायला तेवढा काळ लागतो. दुधाचा अतिरेक कमी करतात, पाणी आणि भाज्या-फळे वाढवायला सांगतात. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे पायाखाली पाट देऊन, न रागावता बसवायला सांगतात. तेल लावलेला पानाचा देठ किंवा साबणाची कांडी घालण्याची जुनी रीत ते टाळायला सांगतात. जन्मापासूनच त्रास असेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल, शीतून रक्त जात असेल किंवा वजन वाढत नसेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

पुढच्या धाग्यात सह्याद्रीतील हिरड्याचा व्यापार.