मुलतानी माती आणि मांजराची शी-शू

१९४७चा जानेवारी. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावात कडाक्याची थंडी पडली होती. मांजरासाठीची वाळू गोठली म्हणून एका बाईंनी चुलीतली राख वापरून पाहिली, तर घरभर काळे पंजे उमटले. शेवटी त्या शेजारच्या एड लोकडे वाळू मागायला गेल्या. एड नुकताच नौदलातून परतला होता. कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला भुसा आणि माती विकायची, हा त्याच्या वडिलांचा धंदा. त्याने वाळूऐवजी मातीचे कोरडे दाणे दिले. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच कुळातली.

बाई तीच माती मागायला पुन्हा आल्या. मग एडने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ लिहिलं आणि किंमत ठेवली ६५ सेंट. वाळू जवळपास फुकट मिळते, मग माती कोण विकत घेणार, असं दुकानदाराला वाटलं. ‘मग फुकट वाटा,’ एड म्हणाला. पुढे लोक पैसे देऊन मागू लागले. १९८०च्या दशकात थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट मातीचे गोळे होणारं लिटर शोधलं.

या मातीमुळे मांजर चोवीस तास घरात राहू शकलं. पण त्याने जायचं कुठे, हे आता माणूस ठरवू लागला. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. पाणी कमी प्यायचं, दाट लघवी करायची आणि मोकळ्या मातीत पुरायची, ही त्यांची रीत. आपण मात्र वॉशिंग मशीनशेजारी झाकणाचा डबा ठेवतो, त्यात आपल्या नाकासाठी सुगंधी लिटर ओततो. मग मांजर गादीवर शू करतं आणि आपण म्हणतो, ‘सूड उगवतंय.’

डॉक्टरही बराच काळ फक्त खडे आणि जंतू शोधत होते. पण अनेक मांजरांमध्ये दोन्ही सापडत नसत, तरी मूत्राशय सुजलेलं असे. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की यात ताणाचा मोठा वाटा असतो. लपायला जागा, चढायला उंची, रोजचा खेळ आणि ठरलेल्या वेळा मिळाल्या की बऱ्याच मांजरांचा त्रास कमी होतो.

म्हणून आधी डॉक्टरांकडे जा. बोका पुन्हापुन्हा जोर लावतोय आणि लघवी होत नाहीये, तर त्याच क्षणी निघा. मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आजार नसेल तर डबे मोजा: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. डबे मोठे, उघडे आणि शांत कोपऱ्यांत हवेत. लिटर बारीक, बिनवासाचं असावं आणि घाण रोज काढावी. जुनी जागा एन्झाइम क्लीनरने धुवा, नाहीतर वास त्याला तिथेच बोलावतो.

मारू नका, नाक घासू नका. त्याने ताण वाढतो, आणि ताणाने शू. अमेरिकेत मांजरं शेल्टरमध्ये सोडली जाण्याच्या प्रमुख कारणांत हे एक आहे. घर सुटण्याआधी डब्याची जागा बदलून पाहणं सोपं आहे.