सीतेचे डोहाळे आणि गर्भिणीचर्या

प्राचीन वैद्यांनीं गर्भवतीस दूधतूप चारून निश्चल बसविलें, असा एक सरसकट समज रूढ आहे. तो मूळ ग्रंथांस धरून नाहीं, हें दाखविण्यास नाशिकच्या पंचवटीशीं निगडित असा एक नाट्यप्रसंग उपयोगी पडतो.

आहाराचें प्रकरण थोडक्यांत आटोपतें. चरकाच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, पहिल्या महिन्यांत साधें दूध, दुसऱ्यांत मधुर औषधींनीं सिद्ध केलेलें, तिसऱ्यांत मधतूप घातलेलें, चौथ्यांत दुधाचें लोणी, पांचव्यांत तूप व आठव्यांत दुधांतील यवागू असा क्रम दिला आहे. सुश्रुत त्यांत साठीच्या तांदुळांचा भात व चौथ्या महिन्यांत जांगल मांसही घालतो.

विहाराचा प्रश्न मात्र बारकाईनें पाहिला पाहिजे. सुश्रुत व्यायाम व यानारोहण हीं दोन्ही वर्ज्य म्हणतो. चरक आठव्या अध्यायांत तसें सरसकट म्हणत नाहीं. त्याचा आक्षेप दारुण व अनभ्यस्त श्रमांस आहे, आणि वाहनांपैकीं फार हिसके देणाऱ्यांस आहे. हीं विशेषणें गाळून केवळ निषेध तेवढा उचलला, तर चरकाचें मत उलटेंच होतें. शिवाय डोहाळा तीव्र असल्यास अहितकर वस्तूही हितकर वस्तूची जोड देऊन पुरवावी, अशी त्याची मुभा आहे.

आतां भवभूतीचें उत्तररामचरित पाहूं. पहिल्या अंकांत सीतेचे दिवस भरत आले आहेत. तिचा डोहाळा विनाविलंब पुरवावा, असा वडीलधाऱ्यांचा निरोप अष्टावक्रानें आणला आहे. चित्रें पाहतांना जनस्थान, पंचवटी व गोदावरी डोळ्यांपुढून जातात, आणि तिला डोहाळा होतो तो खाण्याचा नव्हे. अरण्यांत पुन्हां हिंडावें व भागीरथींत स्नान करावें असा! राम नकार देत नाहीं. तो लक्ष्मणास रथ आणावयास सांगतो, पण न अडखळतां सुखानें चालणारा. सुश्रुताचा निषेध येथें मोडतो, चरकाचा पाळला जातो. भवभूतीस वैद्यकाची ही मर्यादा ठाऊक होती, असें मला वाटतें. तोच रथ पुढें त्यागाचा रथ ठरतो, ही गोष्ट निराळी.

नाट्य सोडून इतिहासांत आलें तरी उदाहरण सांपडतें. १७७३ च्या ऑगस्टांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला तेव्हां गंगाबाई गर्भवती होत्या. बारभाईंनीं त्यांस १७७४ च्या जानेवारींत पुरंदरावर नेलें. १८ एप्रिलास सवाई माधवराव जन्मले. ज्यांनीं उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापुरास घालविलें, त्या गोपिकाबाईंचा हा नातू. गादीचा सारा भरंवसा त्या एका गर्भावर होता, आणि तरीही प्रसूतीपूर्वीं तीन महिने गड चढविणें कारभाऱ्यांस भाग पडलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं, विशेष दोष नसल्यास, गर्भवतीस आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगितले आहेत. चरकाच्या विशेषणांशीं त्याचा विरोध दिसत नाहीं.

डोहाळजेवणांत बागेंतलें, नावेंतलें, चांदण्यांतलें असे प्रकार आहेत. त्यांतही पंक्तीइतकेंच बाहेर पडण्यास महत्त्व आहे. नाशिक-पंचवटीच्या जुन्या घरांतील बाडांत डोहाळ्यांचीं गाणीं आढळल्यास संग्राहकांनीं तीं किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत, आणि त्यांत खाण्याचे डोहाळे किती व हिंडण्याफिरण्याचे किती, हें टिपून ठेवावें.